रोजचा रविवार

भाकरी करपली होती. जराशी नव्हे, चांगली काळी. फोनवर नवऱ्याशी भांडताना तव्याकडे माझं लक्ष राहिलं नाही आणि घाईघाईत तीच भाकरी सासूबाईंच्या ताटात पडली. आता तोफ सुटणार म्हणून मी पदर खोचून तयार उभी राहिले. लग्न होऊन या घरात आल्यापासून या बाईंनी माझी एक भाकरी निमूट खाल्ली नव्हती. कधी जाड, कधी कच्ची, तर कधी "हुपरीत भाकरीबी चांदीच्या पत्र्यागत पातळ करत्यात काय गं?" माझं माहेर हुपरीचं, घरात पैंजणांचं काम, त्यामुळे टोमण्यांना त्यांना कधी तोटा पडला नाही. मीही काही तोंड शिवून आले नव्हते. एक ऐकलं की दोन परत करायची. आमचं भांडण ऐकून गल्लीतली माणसं घड्याळ लावत असतील.

त्या दिवशी त्यांनी तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि खाल्ला. मग दुसरा. करपलेली भाकरी पूर्ण संपली आणि त्या हात धुवायला उठल्या. एक शब्द नाही.

सासू बोलत नाही म्हणून सून घाबरली, असं कुणाला सांगितलं तर लोक हसतील. पण मी घाबरले होते हे खरं.

घरात सगळे त्यांना अक्का म्हणतात, पोटची पोरंसुद्धा. दोन वर्षांपूर्वी अक्कांचं हृदयाचं दुखणं निघालं. अॅटॅक नव्हे, हृदयाचा पंपच कमजोर झालाय, असं डॉक्टरांनी सांगितलं. पाय सुजायचे, जिन्याच्या चार पायऱ्यांत धाप लागायची, झोपायचं म्हणजे तीन उशांना टेकून बसायचं. गेल्या वर्षी फुप्फुसात पाणी भरलं आणि त्यांना आयसीयूच्या काचेच्या खोलीत ठेवावं लागलं. घरी आल्यावर नवे नियम लागले. सकाळी वजन करायचं, लघवी होण्याची गोळी चुकवायची नाही, पाणी मोजून प्यायचं, मीठ कमी करायचं.

मीठ कमी करायला आमच्या घरात कुणाला जड गेलं नाही. आम्ही जैन. एकेका वारी मीठ, तूप, गूळ असा एकेक रस सोडायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. अक्कांनी लग्नाच्या आधीपासून रविवारचं मीठ सोडलेलं. रविवारी त्यांच्यासाठी वेगळी अळणी आमटी निघायची, आणि तीही कशी चवदार करावी यावर मला दर रविवारी प्रवचन मिळायचं. त्या पावसाळ्यात, चातुर्मास लागल्यावर, अक्का इतर दिवशीही मीठ बाजूला सारायला लागल्या. ताटात मीठ दिसलं की बोटानं कडेला लोटायचं, आमटीला मीठ लागलं की वाटी दूर करायची. डॉक्टरांनी कमी सांगितलं होतं, यांनी अजिबात सोडलं. सगळ्यांना कौतुक वाटलं.

सगळ्यांत जास्त कौतुक माझ्या थोरल्या नणंदेला. नणंद वाईट नाही, हे आधीच सांगते. जयसिंगपूरहून दर पंधरा दिवसांनी यायची, आईचे पाय चेपायची, तिचं आईवर मनापासून प्रेम. पण तिला जे बघायचं असतं तेच दिसतं. अक्का गप्प झाल्या, तशी ती भारावून गेली. "वैनी, बघितलंस? राग गेला अक्काचा. कशातबी जीव गुंतवत न्हाय आता. असा बदल व्हायला पुण्याई लागती."

बदल मलाही दिसत होता, पण मी दिवसभर घरात होते आणि जवळून बघत होते. स्वयंपाकघरात अक्का झाकण हातात घेऊन उभ्या राहायच्या. कशावर ठेवायचं ते सुचायचं नाही. बऱ्याच वेळानं झाकण तसंच ओट्यावर ठेवून बाहेर जाऊन बसायच्या. नणंद म्हणायची, संसारातून मन निघालं. संध्याकाळी जपाला बसायच्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, समाधीच लागलीय. मी मुद्दाम शेजारी बसून ऐकलं. णमोकार मंत्र म्हणत होत्या, पण तिसऱ्या ओळीपर्यंत येऊन परत पहिलीवर जात होत्या. पाच ओळींचा मंत्र, जन्मभर म्हटलेला, आणि पुढची ओळ सापडत नव्हती. गल्लीतल्या बायका तोवर पाया पडायला येऊ लागल्या होत्या.

मग ती गोळ्यांची दुपार आली. अक्का मांडीवर गोळ्यांची पाकिटं पसरून बसल्या होत्या. कुठली सकाळची आणि कुठली दुपारची, काही कळेना, म्हणून एकेक उलटीपालटी करत होत्या. मी मागे उभी राहून बघत होते. शेवटी वैतागून त्यांनी सगळी पाकिटं ढकलली आणि म्हणाल्या, "नको आता हे." समोर नणंद बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिनं दोन दिवसांत सगळं ठरवलं. येत्या रविवारी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, प्रवचनानंतर चातुर्मासासाठी आलेल्या मुनिमहाराजांसमोर अक्का नियम घेणार. दिवसातून एकदाच जेवण आणि तेव्हाच पाणी, आणि डॉक्टरी औषधांचा त्याग. आजन्म. आमच्यात घेतलेला नियम मोडत नाहीत. अक्का तर जीव गेला तरी मोडणार नाहीत, आणि औषध बंद झाल्यावर जीव जायला फार दिवसही लागले नसते.

"अक्काचीच इच्छा हाय म्हणती ती," नवरा म्हणाला. "मी कसा आड येऊ?"

"इच्छा हाय हे तुम्हाला अक्कांनी सांगितलं का ताईंनी?"

आमच्याकडे पुरुषांना अडचणीचं विचारलं की कागलच्या एमआयडीसीतल्या त्यांच्या कारखान्यात अचानक मशीन बंद पडतं. त्याही दिवशी पडलं.

मी धर्म न मानणारी नाही. हुपरीत आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या आजोबांनी अन्नपाणी सोडून शांतपणे देह ठेवला, तो मी लहानपणी जवळून बघितलाय. भेटायला येईल त्याला ते स्वतः समजावून सांगत, मी काय करतोय आणि का करतोय. तसा मृत्यू भाग्याचा, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. म्हणूनच तर माझा जीव टांगणीला लागला होता. अक्कांना कळत असेल, तर त्यांना अडवणारी मी कोण? आणि कळत नसेल, तर आम्ही सगळे मिळून करत होतो ते काय होतं?

बुधवारी मी सरळ विचारलं. "अक्का, रविवारी बस्तीत काय हाय?"

"नियम घेतो मी." कोल्हापूरच्या बायका घेतो, जातो असंच बोलतात, अक्का तर त्यात पक्क्या.

"कशाचा नियम?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. कपाळावर बारीक आठी पडली, ओठ हलले. मग म्हणाल्या, "तुझ्या नणंदेला इचार. तिला ठाऊक हाय."

मी ताट वाढलं. आमटीचा एक घास घेऊन त्यांनी वाटी सरकवली. "मीठ घातलंस. आज चालत न्हाय मला."

"का चालत नाही?"

"रविवार न्हवं का आज?"

"अक्का, आज बुधवार हाय."

"रविवार हाय," त्या म्हणाल्या. आवाजात भांडण नव्हतं. उन्हाला ऊन म्हणावं तसं म्हणाल्या.

काल काय, परवा काय, त्या हेच पुटपुटत होत्या, ते मला तेव्हा उमगलं. मी हातातल्या कामात 'हं हं' करत राहिले होते. अक्कांनी मीठ सोडलंच नव्हतं. त्या फक्त आपला जुना रविवार पाळत होत्या. वार हरवले होते आणि नियम तेवढा शाबूत राहिला होता, त्यामुळे त्यांचा रोज रविवार होता. अख्खं घर त्याला तपश्चर्या समजून हात जोडत होतं. मी ओट्यापाशी उभी राहून रडले. रागानं रडले, स्वतःवर नव्हे, सगळ्यांवर.

गुरुवारी सकाळीच रिक्षा करून मी अक्कांना हृदयाच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. वार, मंत्र, झाकण, सगळं सांगितलं. बाईंनी छाती तपासली, रक्त काढायला लावलं आणि मग खुर्ची पुढे ओढून अक्कांना म्हणाल्या, "आजी, भाज्यांची नावं सांगा बघू भराभर. आठवतील तेवढी."

"दोडका," अक्का म्हणाल्या. "भेंडी. पडवळ." थांबल्या. "दोडका."

"अजून? बटाटा?"

"ते आम्ही खात न्हाय," अक्का फटकन म्हणाल्या, आणि क्षणभर माझी जुनी सासू खोलीत येऊन गेली. मग पुन्हा शोधायला लागल्या. "दोडका," शेवटी हळूच म्हणाल्या. या बाईंनी चाळीस वर्षं लक्ष्मीपुरीच्या बाजारात भाजीवाल्यांना रडवलं होतं. मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

डॉक्टरबाईंनी मला बाजूला बसवून समजावलं. हृदय कमजोर झालं की मेंदूलाही रक्त पुरेसं पोचत नाही. हृदयाच्या पुष्कळ रुग्णांत हे होतं. लक्ष टिकत नाही, आठवण अडखळते, ठरवणं जमत नाही, गोळ्या चुकतात, गोळ्या चुकल्या की हृदय आणखी बिघडतं. "घरचे म्हणतात वय झालं, आणि आम्हीही दर वेळी विचारत नाही," त्या म्हणाल्या. दुपारी रक्ताचा रिपोर्ट आला. रक्तातलं मीठ फार उतरलं होतं. लघवीची गोळी चालू आणि जेवणात मीठ अजिबात नाही, त्यानं डोक्यातलं धुकं आणखी वाढलं होतं. काही परत येईल, काही येणार नाही. किती येईल ते आत्ता सांगता येत नाही.

"त्या आजन्म औषध सोडायचा नियम घेणार आहेत," मी म्हणाले. "रविवारी."

बाई म्हणाल्या, "मोठं काही ठरवायचं असेल तर सकाळी विचारा, एका वेळी एकच गोष्ट. त्यांनी त्यांच्या शब्दांत सांगायला हवी. दुसऱ्या दिवशी परत विचारा, तिसऱ्या दिवशी परत. तीच गोष्ट तशीच सांगितली, तर ती त्यांची. आज तरी त्यांना ते जमणार नाही."

गोळ्या बदलल्या. थोडं मीठ द्यायचं ठरलं. आता देणार कसं? शुक्रवारी पुन्हा वाटी सरकली, "रविवार हाय." तेवढ्यात दारात कुरिअरवाला आला. मी त्याला तिथूनच विचारलं, "ओ पावणं, आज वार कुठला?" तो बावचळला. "शुक्रवार की, वैनी." मी अक्कांकडे वळले. परक्या माणसाच्या शब्दावर त्यांनी वाटी जवळ ओढली. सुनेवर विश्वास नाही, कुरिअरवाल्यावर आहे. त्याही परिस्थितीत मला हसू आलं.

नणंदेला मी फोन करून सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "डॉक्टर काय, सांगणारच. वैनी, अंतराय करू नकोस." अंतराय म्हणजे दुसऱ्याच्या धर्मकार्यात आडवं येणं. आमच्यात याहून मोठा बोल लावता येत नाही. करणाऱ्याला ते जन्मोजन्मी फेडावं लागतं म्हणतात. शिवी दिली असती तर मी परत दिली असती. पण यावर माझा स्वतःचा विश्वास आहे. मी फोन ठेवून दिला.

नवऱ्याला रिपोर्ट दाखवला. त्यानं तो दोनदा वाचला. "सगळ्यांना आवतण गेलंय," म्हणाला. "आता रविवार होऊ दे. मग बघू."

"मग बघायला काय उरणार हाय?" मी ओरडले. त्यालाही ते कळत होतं. पण बहिणीसमोर आणि समाजासमोर उभं राहायचं त्याला धाडस नव्हतं. त्या दोन दिवसांत मी त्याच्याशी बोलले नाही.

रविवारी बस्तीचा हॉल भरला होता. अक्कांना पांढरी साडी नेसवून, खुर्चीतून पुढे आणलं. हातात श्रीफळ दिलं. नणंद एका बाजूला, मी दुसऱ्या. मी देवाला एवढंच म्हणत होते, कुणीतरी दुसऱ्यानं बोलावं. नवरा पुरुषांच्या बाजूला मान खाली घालून बसला होता.

"नमोस्तु महाराज," नणंद म्हणाली. "आईला आजन्म नियम घ्यायचाय." तिनं नियम सांगितला. बायकांत कुजबुज झाली, कुणीतरी डोळे टिपले.

महाराजांनी अक्कांकडे बघितलं. "माताजी, तुम्ही सांगा. काय सोडता?"

अक्कांनी श्रीफळ घट्ट धरलं. नणंद हळूच म्हणाली, "अक्का, सांग की. औषध." महाराजांनी हात वर करून तिला थांबवलं. अक्का समोर बघत राहिल्या. मग भोवती बघू लागल्या, गर्दीत हात सुटलेलं मूल बघतं तशा. त्यांची नजर लेकीवरून गेली, लेकावरून गेली आणि माझ्यावर येऊन थांबली.

"हिला इचारा," त्या म्हणाल्या. "हिला माझं सगळं ठाऊक असतंय."

एवढ्या वर्षांत या बाईंनी मला साध्या वरणाला माझ्या मनानं फोडणी देऊ दिली नव्हती. आता सगळा हॉल माझ्याकडे बघत होता.

"महाराज," मी म्हणाले, "त्यांना आज वार कुठला ते माहीत नाही. काय सोडतायत तेही माहीत नाही. हृदयाच्या आजारानं झालंय. हा नियम त्यांचा नाही, आमचा आहे."

मी भरल्या सभेत त्यांना उघडं पाडलं होतं. ज्या बाईला आयुष्यभर सगळ्या तिथी तोंडपाठ होत्या, तिला वार सांगता येत नाही, हे मी गल्लीसमोर बोलले. अक्कांचा चेहरा पडला. तेवढं त्यांना नेमकं कळलं. महाराजांनी मोरपिसांची पिंछी उचलून अक्कांना आशीर्वाद दिला. "आज नको," एवढंच म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले.

नणंद त्या दिवशी आमच्याकडे जेवली नाही. जाताना मला म्हणाली, "ह्यो अंतराय तुला लागंल." मी मान खाली घातली.

पुढचे दोन महिने मी गोळ्या स्वतःच्या हातानं दिल्या, मीठ चिमटीनं घातलं, सकाळी उठल्या उठल्या मोठ्यानं वार सांगितला. हळूहळू फरक पडला. संध्याकाळ अजूनही वाईट जायची. भाजी चिरायला घेतली की मध्येच सुरी हातात राहायची. पण सकाळ उजळायला लागली. एका सकाळी मंत्र पाचव्या ओळीपर्यंत गेला, आणि मी स्वयंपाकघरात दोन्ही हात जोडले. मग एकदा आमटीची वाटी माझ्यासमोर आपटून म्हणाल्या, "ह्यो काय प्रकार हाय? आमटी हाय का भांडी धुतल्यालं पाणी?" मी त्यांना मिठीच मारली. "सर, खुळ्यागत काय करतीस," म्हणाल्या. मी नवऱ्याला कारखान्यात फोन करून सांगितलं. त्यानं ते वाक्य मला पुन्हा म्हणायला लावलं.

मग एक दिवस सकाळी वजनकाट्यावरून उतरून त्या कॉटवर बसल्या आणि मला समोर बसवलं.

"त्या दिवशी हॉलमधी मी नियम घेतलो का?"

"नाही."

"कुणी अडवलं?"

"मी."

आता ऐकायचं, म्हणून मी तयारी केली.

"औषध सोडत न्हवतो मी," त्या म्हणाल्या. "गोळ्या घेतो. मीठबी खातो तू घालशील तेवढं. पण आता परत धाप लागली, तर त्या काचंच्या खोलीत नेऊ नका मला. नळ्या न्हाईत, मशीन न्हाय. हितं, घरात. तोंडानं मंत्र म्हणता येतोय तवर म्हणू दे. ह्यो माझा नियम. तुझ्या नवऱ्याला आन नणंदेला तू सांगायचं."

"अक्का, असं का बोलताय? आत्ता कुठं बरं वाटतंय तुम्हाला."

"म्हणूनच आत्ता बोलतोय."

मी डॉक्टरबाईंनी शिकवलेलं धरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं, "अक्का, काल काय ठरवलं तुम्ही?" त्यांनी तेच सांगितलं, त्याच शब्दांत, काचेच्या खोलीसकट. तिसऱ्या दिवशी विचारलं. तेच. चौथ्या दिवशी विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं. पाचव्याही दिवशी विचारलं. नवऱ्याला आणि नणंदेला अजून मी काही सांगितलं नव्हतं. अजून खात्री करते, असं स्वतःला सांगत होते.

खरं ते वेगळंच होतं. ज्या बाईची आठवण परत यावी म्हणून मी भरल्या हॉलमध्ये अंतराय ओढवून घेतला, तिच्यापुढे रोज सकाळी चहाचा कप ठेवताना मी मनात एकच धावा करत होते, आज विसरलेल्या असू देत. त्या एकदाही विसरल्या नाहीत.